खुर्ची सुटल्यानंतरचा खटला

माजी राष्ट्राध्यक्ष किंवा माजी पंतप्रधान आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘कायद्यापुढे सगळे सारखे.’ दुसरं, ‘हे सूडाचं राजकारण आहे.’ पंचाईत अशी की एकाच खटल्यात दोन्ही खरी असू शकतात. नेत्याने पैसे खाल्लेले असतात, आणि त्याची फाइल वर काढणाऱ्याला त्याचा काटाही काढायचा असतो. म्हणून ‘खटला व्हावा की नको’ असं सरसकट विचारलं तर हाती काही लागत नाही. सरकारी वकिलाच्या टेबलावर हा प्रश्न तुकड्यातुकड्यांनी येतो. कृत्य नेमकं कोणतं? ते करताना कायद्याचं कवच होतं का, आणि ते अजून शिल्लक आहे का? खटला भरायची मुदत संपली का? कोर्ट कोणतं? पुरावा कुणाच्या तोंडचा? मोठमोठे खटले यातल्याच एखाद्या सांध्यावर मोडले आहेत.

आधी कृत्य बघायचं

ढोबळमानाने कृत्यांच्या तीन जाती पडतात. पहिली, जिचा राज्यकारभाराशी संबंधच नाही. इस्रायलचे माजी राष्ट्राध्यक्ष मोशे कत्साव २०१० मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि त्यांना सात वर्षांची कैद झाली. हाच गुन्हा एखाद्या कारकुनाने केला असता तरी कलम तेच लागलं असतं. इथे वादाला जागा नाही.

दुसरी जात म्हणजे पदाचा वापर करून केलेली लबाडी: लाच, कंत्राटं, गुप्त निधीवर डल्ला. तैवानचे चेन श्वेई-बियान २० मे २००८ रोजी पायउतार झाले आणि त्याच दिवशी तपासयंत्रणेने त्यांच्यावरच्या चौकशीची घोषणा केली. पुढच्या वर्षी कोर्टाने त्यांना जन्मठेप सुनावली, अपिलात ती कमी झाली. इथेही तत्त्व सोपं आहे, कारण लाच घेणं हे कुठल्याच देशात राष्ट्रप्रमुखाच्या कामाच्या यादीत येत नाही. अडतं ते पुराव्यावर.

खरी गुंतागुंत तिसऱ्या जातीत आहे. इथे सरकारी निर्णयच गुन्हा म्हणून समोर येतो. युद्ध पुकारलं, आणीबाणी लादली, बँका बुडत असताना गप्प बसले. आइसलँडचं उदाहरण बोलकं आहे. २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. सप्टेंबर २०१० मध्ये संसदेने माजी पंतप्रधान गेइर हार्दे यांच्यावर खटला भरायचं ठरवलं, ३३ विरुद्ध ३० मतांनी. आणखी तीन माजी मंत्र्यांवरचे प्रस्ताव मात्र फेटाळले गेले. म्हणजे एकाच संकटातून आरोपी कोण आणि सुटणार कोण, हे खासदारांच्या मतमोजणीवर ठरलं. खटला ज्या खास न्यायालयात चालला ते १९०५ पासून कायद्यात होतं, पण तोवर एकदाही भरलं नव्हतं. एप्रिल २०१२ मध्ये निकाल लागला. महत्त्वाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाची बैठक बोलावली नाही, एवढ्या एकाच मुद्द्यावर हार्दे दोषी ठरले. शिक्षा काहीच नाही, आणि खटल्याचा खर्च सरकारने सोसायचा. चुकलेल्या धोरणाला फौजदारी कलमात बसवायला गेलं की हाती असं काहीतरी येतं. धोरण चुकलं तर त्याची शिक्षा मतपेटीत. निर्णयाच्या आड खून, छळ किंवा सत्ता बळकावण्याचा प्रयत्न असेल, तरच ते कृत्य फौजदारी कोर्टात जावं. ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ती पुसट करण्यात दोन्ही बाजूंना रस असतो.

कवच दोन प्रकारचं असतं

एक कवच खुर्चीला असतं, दुसरं कामाला. हा फरक समजला की निम्म्या बातम्या नीट वाचता येतात.

खुर्चीचं कवच माणूस पदावर आहे तोवरच. देशाच्या प्रमुखाने रोज कोर्टाच्या तारखांना हजर राहिलं तर कारभार ठप्प होईल, एवढंच त्यामागचं कारण. फ्रान्सच्या राज्यघटनेतलं कलम ६७ सांगतं की राष्ट्राध्यक्षावर कार्यकाळात कारवाई होणार नाही, त्या काळात मुदतीचं घड्याळही थांबेल, आणि पद सुटल्यावर एका महिन्याने कारवाई सुरू करता येईल. भारतात कलम ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपालांवर पदावर असताना फौजदारी कारवाई चालत नाही. पंतप्रधानांना असं कवच नाही. दक्षिण कोरियात कलम ८४ आहे, आणि त्यात एक मोठा अपवाद आहे: बंड आणि देशद्रोह. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-यॉल यांनी मार्शल लॉ जाहीर केला. पदच्युतीचा अंतिम निकाल ४ एप्रिल २०२५ चा, पण बंडाचं आरोपपत्र जानेवारीतच दाखल झालं होतं. ते शक्य झालं या अपवादामुळे.

कामाचं कवच पद सुटल्यावरही टिकतं. अधिकृत काम म्हणून जे केलं, त्याबद्दल नंतरही खटला नाही, असं हे संरक्षण. फ्रान्सच्या त्याच कलमात तेही आहे. अमेरिकेत ते लिखित घटनेत नव्हतं; सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी ट्रम्प खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ते मान्य केलं. निकालाने तीन कप्पे केले. राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांना पूर्ण संरक्षण. बाकीच्या अधिकृत कृत्यांना निदान गृहीत धरलेलं संरक्षण, जे सरकारी पक्षाला खोडून काढता येईल. खासगी कृत्यांना काहीच नाही. चर्चा बहुतेक या कप्प्यांचीच झाली. पण जास्त धारदार वाक्यं पुढे आहेत. कृत्य अधिकृत की खासगी हे ठरवताना कोर्टाने हेतू तपासायचा नाही, आणि संरक्षण असलेल्या अधिकृत कृत्याचा पुरावा खासगी गुन्ह्याच्या खटल्यातही वापरायचा नाही. लाचेच्या खटल्यात हे कसं चालावं? पैसे घेणं खासगी, पण त्या बदल्यात दिलेली नेमणूक अधिकृत. नेमणुकीविषयी बोलायचंच नसेल तर पैसे कशाचे, हे कसं सिद्ध करणार? नेमक्या याच मुद्द्यावर बहुमतातल्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट वेगळ्या झाल्या.

आंतरराष्ट्रीय कायद्यातही हेच दोन प्रकार आहेत. काँगो विरुद्ध बेल्जियम या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ रोजी सांगितलं की पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाचं कोर्ट अटक करू शकत नाही. पद सुटल्यावर काय, याचं उत्तर त्याआधीच लंडनमध्ये मिळालं होतं. चिलीचे माजी लष्करशहा ऑगुस्तो पिनोशे यांना ऑक्टोबर १९९८ मध्ये स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर तिथे अटक झाली. छळाला ‘राष्ट्रप्रमुखाचं अधिकृत काम’ म्हणता येणार नाही, असं ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं. पण बारकाई बघा. छळविरोधी करार ब्रिटनला लागू झाला तो ८ डिसेंबर १९८८ पासून, म्हणून त्यानंतरचीच कृत्यं धरली गेली. १९७३ च्या सत्तापालटानंतरची सगळ्यात भयंकर वर्षं त्या तारखेने बाहेर ठेवली. मार्च २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून पिनोशे मायदेशी परतले आणि २००६ मध्ये वारले, एकाही खटल्यात दोषी न ठरता.

घड्याळ

मुदतीचा कायदा चोरापेक्षा सत्ताधाऱ्याला जास्त उपयोगी पडतो. कारण तपास रोखून धरणं त्याच्याच हातात असतं. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्यावरचा आरोप ते पॅरिसचे महापौर असतानाच्या बोगस नोकऱ्यांचा होता. मधे बारा वर्षांचं अध्यक्षपद होतं. घड्याळ थांबवलं गेलं म्हणूनच डिसेंबर २०११ मध्ये त्यांना दोन वर्षांची निलंबित शिक्षा होऊ शकली.

इटलीने उलटं करून दाखवलं. सिल्व्हिओ बर्लुस्कोनी सत्तेत असताना २००५ मध्ये मुदतीचे नियमच बदलले आणि अनेक गुन्ह्यांच्या मुदती आखूड झाल्या. त्याआधी आणि नंतर, बड्या पदांना कवच देणारे दोन कायदेही झाले. घटनात्मक न्यायालयाने एक २००४ मध्ये आणि दुसरा २००९ मध्ये रद्द केला. रद्द झाले तरी मधली वर्षं गेलीच. साक्षीदाराला लाच दिल्याचा खटला २०१२ मध्ये मुदतबाह्य म्हणून संपला. अखेर ऑगस्ट २०१३ मध्ये करचुकवेगिरीत चार वर्षांची शिक्षा कायम झाली, त्यातली तीन २००६ च्या एका जुन्या सवलत कायद्याने आधीच माफ होती, आणि उरलेल्या एका वर्षाच्या जागी समाजसेवा करायची होती.

मुदत उलटून गेल्यावर ती पुन्हा उघडता येते का? दक्षिण कोरियात १९७९-८० मध्ये लष्कराच्या बळावर सत्ता घेणारे चुन दू-ह्वान आणि त्यांचे साथीदार रो ते-वू यांच्याबाबत जुलै १९९५ मध्ये सरकारी वकिलांनी चक्क हात वर केले: यशस्वी झालेल्या उठावाला शिक्षा करता येत नाही. त्याच शरद ऋतूत रो यांचा गुप्त निधी उघडकीस आला, लोक खवळले, आणि डिसेंबरात संसदेने खास कायदा केला. त्याचा आधार असा, की आरोपी स्वतः सत्तेत असताना राज्यव्यवस्था त्यांच्यावर खटला भरूच शकत नव्हती. तो काळ मोजायचा नाही. घटनात्मक न्यायालयात नऊपैकी पाच न्यायमूर्तींना यात घटनाभंग दिसला, पण कायदा रद्द करायला सहा लागतात. एका मताने कायदा वाचला. तर्क बरोबर आहे, तरी अशी कसरत एखाद्याच प्रसंगी करावी. विरोधकासाठी मागच्या तारखेचे कायदे करायची सवय लागली तर ती पुढच्या सरकारलाही लागते. फ्रान्ससारखं आधीच लिहून ठेवलेलं बरं.

कोर्ट कुणाचं, सही कुणाची

प्रक्रिया कशी बिघडते याचा सगळ्यात क्रूर नमुना पाकिस्तानात आहे. झुल्फिकार अली भुट्टो यांना जुलै १९७७ मध्ये लष्करप्रमुख झिया-उल-हक यांनी हटवलं. त्यांच्यावर खुनाच्या कटाचा खटला चालला, तोही खालच्या सत्र न्यायालयात नाही, थेट लाहोर उच्च न्यायालयात. याने काय झालं? अपिलाची एक पायरीच गेली. मुख्य पुरावा माफीच्या साक्षीदाराचा. सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन असा निकाल आणि ४ एप्रिल १९७९ ला फाशी. मार्च २०२४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की तो खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता. पंचेचाळीस वर्षांनी. फाशीची शिक्षा अशा खटल्यांत मुळात नसावी, याला याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

ब्राझीलमध्ये चूक वेगळी, पण शिकण्यासारखी. माजी राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा यांना २०१७ मध्ये कुरितिबा शहरातले न्यायाधीश सर्जिओ मोरो यांनी भ्रष्टाचारात दोषी ठरवलं. लुला ५८० दिवस तुरुंगात राहिले आणि २०१८ ची निवडणूक लढवू शकले नाहीत. ती जिंकली जाइर बोल्सोनारो यांनी, आणि मोरो त्यांच्या सरकारात न्यायमंत्री झाले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: त्या कोर्टाला या प्रकरणात अधिकारक्षेत्रच नव्हतं, आणि मोरो निःपक्षपाती नव्हते. शिक्षा रद्द. त्यामुळे लुला यांनी तो गुन्हा केला होता की नव्हता, याचा टिकाऊ निकाल आजतागायत नाही. समर्थक म्हणतात निर्दोष सुटले, विरोधक म्हणतात तांत्रिक मुद्द्यावर सुटले, आणि दोघांनाही गप्प करेल असा कागद अस्तित्वात नाही. अधिकारक्षेत्राचा वाद पहिल्याच सुनावणीला मिटवायला हवा, तो यासाठीच. पुढे बोल्सोनारो यांच्यावर बंडाचा खटला चालला तो थेट सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठापुढे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी त्यांना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली. असहमत न्यायमूर्तींचा एक मुद्दा कोणता? अधिकारक्षेत्र.

पुरावा

लेखी हुकूम सापडेल या आशेवर बसणाऱ्या तपासाचं काही खरं नसतं. वर बसलेला माणूस तोंडी सांगतो, किंवा तेही सांगत नाही. त्यामुळे दोनच रस्ते उरतात: पैशाचा माग किंवा हाताखालचा फुटलेला माणूस.

फुटलेल्या माणसाचा धोका ठाऊक असलेलाच आहे. स्वतःची कातडी वाचवायला तो वरच्याचं नाव घेतो. भारतात पी. व्ही. नरसिंह राव यांना खासदारांना लाच दिल्याच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने २००० मध्ये तीन वर्षांची शिक्षा सुनावली होती; माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. त्याच प्रकरणातली एक विचित्र गाठ: १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला संसदीय संरक्षण आहे, देणाऱ्याला नाही. घेणारा सुरक्षित, देणारा आरोपी! तो निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये मोडीत काढला.

लेखी हुकुमाशिवाय हत्याकांडाची जबाबदारी कशी ठरवायची, हे पेरूच्या न्यायालयाने दाखवलं. बारिओस आल्तोस इथे १९९१ मध्ये पंधरा जणांची आणि ला कांतुता विद्यापीठात १९९२ मध्ये नऊ विद्यार्थी व एका प्राध्यापकाची लष्कराच्या एका गुप्त तुकडीने हत्या केली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी यांची सही कुठेच नव्हती. न्यायालयाने तुकडीचा पैसा, बढत्या, पडदा टाकण्याचे प्रयत्न हे सगळं जोडलं आणि म्हटलं की जो माणूस एक आखीव यंत्रणा स्वतःच्या मुठीत ठेवून तिच्याकडून गुन्हा करवतो, तोही कर्ताच. ७ एप्रिल २००९, पंचवीस वर्षं. याउलट आयव्हरी कोस्टचे माजी राष्ट्राध्यक्ष लॉरां ग्बाग्बो हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सात वर्षं कोठडीत होते आणि २०१९ मध्ये सुटले, कारण हिंसेमागे त्यांची आखलेली योजना होती हे सरकारी पक्षाला दाखवताच आलं नाही.

फुजिमोरी प्रकरणात आणखी एक धडा आहे. २००० मध्ये ते जपानला गेले आणि तिथून फॅक्सने राजीनामा पाठवला. पुढे चिलीत सापडले, २००७ मध्ये प्रत्यार्पण झालं. प्रत्यार्पणाचा नियम कडक असतो: ज्या आरोपांसाठी परदेशी कोर्टाने माणूस ताब्यात दिला, खटला त्याच आरोपांवर. नवीन काही लावायचं तर त्या देशाची पुन्हा परवानगी. म्हणून पहिला अर्जच भरगच्च आणि नीट लिहावा लागतो. आणि माणूस मिळालाच नाही तर गैरहजेरीतला खटला उरतो, जसा बांगलादेशात शेख हसीना यांच्यावर चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. आरोपी समोर नाही, साक्षीदारांची उलटतपासणी त्याने निवडलेल्या वकिलाकडून नाही. असा निकाल दुसऱ्या देशाच्या कोर्टात दाखवायला नेला की याच दोन गोष्टी आधी विचारल्या जातात.

खटल्याच्या भीतीने कुणी खुर्ची सोडेनासं झालं तर?

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. उद्या तुरुंग दिसत असेल तर आज कुणी सत्ता सोडणार नाही. पिनोशे यांनी १९९० मध्ये अध्यक्षपद सोडलं ते १९७८ चं माफीनामा फर्मान, लष्करप्रमुखपद आणि पुढे तहहयात सिनेटरकी हाताशी ठेवूनच. रशियात ३१ डिसेंबर १९९९ रोजी येल्तसिन यांनी राजीनामा दिला आणि हंगामी अध्यक्ष पुतिन यांनी त्याच दिवशी माजी अध्यक्षाला संरक्षण देणाऱ्या हुकुमावर सही केली. सौदे होतात, आणि कधी कधी त्यामुळे रक्तपात टळतो हेही मान्य करायला हवं. तुरुंगात टाकल्यानेही तो भडकू शकतो: दक्षिण आफ्रिकेत जुलै २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल पंधरा महिन्यांसाठी आत पाठवलं आणि उसळलेल्या दंगलींत साडेतीनशेहून अधिक माणसं मेली.

पण सौद्याचं आयुष्य किती? अर्जेंटिनाने १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालवून विडेला आणि मास्सेरा यांना जन्मठेप दिली, १९८६-८७ मध्ये पुढचे खटले थांबवणारे दोन कायदे केले, १९९० पर्यंत शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरवले, खटले पुन्हा सुरू झाले आणि विडेला २०१३ मध्ये तुरुंगातच वारले. म्हणजे माफीवर विसंबून खुर्ची सोडणाऱ्यालाही पक्की हमी मिळत नाही, आणि पीडितांना वीस वर्षं थांबावं लागतं. दोन्हीकडून तोटा.

माफी द्यायचीच तर ती निकालानंतर. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना आरोपपत्रही दाखल होण्याआधी माफ केलं. परिणामी कोर्टात पुरावा कधी मांडला गेला नाही आणि ‘राष्ट्राध्यक्षावर खटला चालतो का’ हा प्रश्न पन्नास वर्षं लोंबकळत राहिला. कोरियाने उलटा क्रम लावला. चुन यांना १९९६ मध्ये फाशी सुनावली, अपिलात जन्मठेप झाली, एप्रिल १९९७ मध्ये ती कायम झाली, आणि डिसेंबरात माफी मिळाली. पुरावा नोंदला गेला, दोष ठरला, मग सुटका.

आणि कोरियाच्या त्या माफीत पैसे नव्हते. चुन यांच्याकडून २२,०५० कोटी वॉन वसूल करायचे होते, ते बाकीच राहिले. २००३ मध्ये त्यांनी कोर्टात आपल्याकडे २ लाख ९० हजार वॉनच आहेत असं सांगितलं. मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर होती. तिथवर हात पोहोचावा म्हणून २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये चुन वारले तेव्हा सुमारे ९,५०० कोटी वॉन येणं होतं. अटकेच्या दिवशीच मालमत्ता गोठवली असती, तर बहुधा ही वेळ आली नसती.